अंतरपाटावरचं नाव

लग्नात सगळ्यात वाया जाणारी जागा कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी अंतरपाट असं उत्तर देईन. नवरा-नवरी समोरासमोर उभी, मधे दोघांनी ताणून धरलेलं एक फडकं, भटजी मंगलाष्टकं म्हणताहेत आणि सगळा मांडव हातात अक्षता घेऊन त्या कोऱ्या फडक्याकडे टक लावून बघतो आहे. दुसरीकडे बघायची सोयच नसते. इतकं लक्ष वऱ्हाडी मंडळी जेवणाच्या पानाकडेसुद्धा देत नाहीत. आणि अशा मोक्याच्या जागी असतं काय, तर कुंकवाचं एक स्वस्तिक आणि मागच्या लग्नातला हळदीचा डाग.

आमच्या कमलचं लग्न जळगावला ठरलं, तेव्हा मी मनाशी नक्की केलं की आपल्या घरचा अंतरपाट कोरा राहणार नाही. पांढऱ्या कापडावर साखळीच्या टाक्यात लाल अक्षरं काढायची. वर 'देवपूर, धुळे येथील', मधे मोठ्या अक्षरांत 'यू. आर. पाटील' आणि खाली 'यांची कन्या चि. सौ. कां. कमल'. "माझं नाव खाली आणि बारीक का?" असं कमलनं विचारलं. मी तिला म्हटलं, "तू स्वतः तिथं उभीच असणार आहेस. तुझं नाव लिहिण्याची तशी गरज नाही." ती हसली आणि आत निघून गेली. तिच्या आईची सवय आहे ती.

'यू. आर.'बद्दल थोडं सांगायला हवं. माझं नाव उखर्डू. माझ्याआधीची माझ्या आईची मुलं जगली नव्हती. म्हणून मी जन्मल्याबरोबर मला उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि कुणी टाकून दिलेलं पोर उचलावं तसं परत उचलून आणलं. टाकाऊ वस्तूकडे मरण ढुंकून बघत नाही, असा आईचा विचार. तो बरोबर निघाला आणि मी जगलो, पण नावही जगलं. खेड्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही. कचेरीत मात्र साहेबांसमोर कुणी "उखर्डू, फाईल आणा" असं म्हटलं की माझ्या अंगावरचा कोट एकदम जुना वाटू लागायचा. म्हणून इंग्रजीतून स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर घेतलं, वडिलांच्या रुपचंद या नावाचं पहिलं अक्षर घेतलं आणि यू. आर. पाटील होऊन बसलो. आज कचेरीत निम्म्या लोकांना 'यू' म्हणजे उत्तमराव वाटतं. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

घरात ही अडचण नव्हती, कारण आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलंच तर उखाण्यात. आमच्या लग्नात भागाबाईनं उखाणा घेतला तेव्हा 'उखर्डू' असा ठसठशीत उच्चार केला आणि माझ्या इंग्रजी शाळेतल्या सोबत्यांना एकाच वेळी खोकला लागला. तेव्हापासून हळदीकुंकवाला कुणी तिला नाव घ्यायचा आग्रह केला की मी ओसरीवरून घसा खाकरतो आणि ती "माले उखाना याद नही" असं सांगून सुटते. आमच्या संसारात इतकं सुरळीत चाललेलं दुसरं काही नाही.

भागाबाईचा साखळीटाका देवपुरात नावाजलेला आहे. तिच्या उशांच्या अभ्र्यांवरचे पोपट पाहुण्यांना रात्रभर टोचतात, पण दिसतात सुरेख. अंतरपाटाचं काम तिनंच करावं असं कुणालाही वाटेल. पण तिनं बसल्या जागेवरून नकार दिला.

"नवराना नावले मी सुई टोचाव नही," ती म्हणाली.

"अगं, हे इंग्रजी नाव आहे."

"इंग्रजी व्हई नही त काय. मानूस त तोच शे."

मी फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर मला घरगुती काम नकोच होतं. व्याही जळगावचे वकील, येणारी मंडळी शिकलेली. अक्षरं अशी हवी होती की बघणाऱ्यानं आधी अक्षरं बघावीत आणि मग माझ्याकडे वळून बघावं.

अक्षरांचं वळण ठरवण्यासाठी मी शेजारच्या तोताराम मास्तरांना बोलावलं. हे शाळेत चित्रकला शिकवतात आणि फळ्यावर आंबा काढायला अर्धा तास घेतात. त्यांनी आधी कचेरीच्या छापील कागदावरची इंग्रजी अक्षरं सुचवली. सावलीसकट. ती मला मनापासून आवडली होती, पण तेवढ्यात पुना आबा आले. पुना आबा म्हणजे निवृत्त तलाठी. नोकरी संपली तरी आळीतल्या प्रत्येक घराची मोजणी त्यांनी अजून चालूच ठेवली आहे.

"लगीन लावनं शे का टपाल धाडनं शे?" त्यांनी विचारलं.

इंग्रजी तिथंच संपली. मग बाळबोध की मोडी, यावर वाद सुरू झाला. आबांच्या मते मोडीसारखी लिपी नाही. आधी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता शेवटपर्यंत जायचं. त्यांनी आयुष्यभर सातबारे मोडीत लिहिले आणि त्यातला एकही त्यांच्याशिवाय कुणाला वाचता आला नाही, याचा त्यांना अभिमान आहे. मास्तर म्हणाले, लग्नाला वाचता न येणारं अक्षर काय कामाचं? आबा म्हणाले, वाचता येणाऱ्यांनी वाचावं, बाकीच्यांनी जेवावं. मी बाळबोधच्या बाजूनं मत दिलं आणि आबा माझ्या घरचा चहा पिऊन रागावून गेले.

मास्तरांनी बोरूच्या वळणाची अक्षरं काढली. उभा काना जाड, वळण बारीक, कुठं टोकदार कोपरा, कुठं नाजूक गाठ. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की मी तो कागद ओसरीवर टांगून ठेवला. पण दोऱ्याला कागदाचं काही वाटत नाही. कमलनं एका जुन्या अभ्र्यावर नमुना करून बघितला. जाड काना भरायला साखळीच्या ओळी शेजारी शेजारी घालाव्या लागल्या आणि बारीक वळण एका ओळीत हरवून गेलं. टोकदार कोपऱ्यावर साखळी वळेना, तिथं दोरा तोडून पुन्हा सुरुवात. 'ट'चं पोट दोऱ्यानं बुजून गेलं. 'पाटील' या शब्दाचा शेवयांचा गुंता झाला. मास्तर म्हणाले, दोष कापडाचा आहे.

शेवटी पांझरेच्या पुलाजवळ बसणाऱ्या खाजाभाईंकडे गेलो. आकड्याच्या सुईनं, म्हणजे आरीनं, साखळी घालण्यात त्यांचा हात चालतो आणि आरीपेक्षा तोंड जास्त चालतं. बँडवाल्यांच्या कोटावरची नावं त्यांची, पोळ्याला बैलांच्या झुलींवर जी 'सर्जा', 'राजा' अशी अक्षरं असतात तीही त्यांचीच. मास्तरांचा कागद त्यांनी एका बाजूनं बघितला, उलटा करून बघितला आणि मांडीखाली सारला.

"साहब, ये नाम है का कंपाउंडका दरवाजा?" ते म्हणाले. "सब कोने गोल करने पडते. और धागा बीचमें तोडना नहीं. एकके दुममेंसे दुसरा निकालेंगे. पूरा नाम एक धागेमें."

आणि त्यांनी खरंच तसं केलं. प्रत्येक अक्षराला शेपूट काढलं, ते पुढच्या अक्षराच्या डोक्यात नेऊन घातलं. 'यू'ला तर पताकेच्या टोकासारखा असा झोकदार फरारा दिला की तो खालच्या ओळीतल्या कमलच्या कानाशी जाऊन थांबला. वाचायला जरा वेळ लागत होता, पण थाट होता. घरी आणून मी ते भागाबाईला दाखवलं आणि सहज बोलून गेलो, की आपलं नाव आता बैलांच्या रांगेत बसलं.

ती म्हणाली, "बैलनी झूलवर त बैलनं खरं नाव ऱ्हास."

मी ते मनावर घेतलं नाही. माझं लक्ष दुसरीकडे होतं, कारण मधल्या ओळीत 'पाटील'पुढे मी मुद्दाम थोडी जागा सोडायला लावली होती. माझी अव्वल कारकुनाची बढती होणार असं कचेरीत बोललं जात होतं. फक्त साहेबांची सही राहिली होती आणि साहेब फिरतीवर होते. सही झाली की त्या जागेत 'अव्वल कारकून' एवढं घालायचं, म्हणजे व्याह्यांच्या वकिलीला आपलं काहीतरी उत्तर झालं. म्हणून खाजाभाईंना मी सांगितलं होतं, शेवट बंद करू नका, धागा तसाच ठेवा. ते म्हणाले, कुछ फिकर नहीं, खुला रखा तो जोडनेको आसान, खोलनेको भी आसान. दोन्ही गोष्टी त्यांनी कौतुकानंच सांगितल्या आणि धाग्याचं टोक एका टाचणीला गुंडाळून दिलं.

साहेबांचा मुक्काम साक्रीला होता. साक्रीहून कागद आले ते चुकीच्या दप्तरातून भलत्याच टेबलावर गेले. त्या टेबलावरचे गृहस्थ रजेवर होते. ते आले तेव्हा कागद पुन्हा साक्रीला गेले होते. रोज संध्याकाळी मी घरी येऊन अंतरपाट उलगडायचो, रिकाम्या जागेकडे बघायचो आणि घडी घालून ठेवायचो.

अशात आमच्या विहीणबाई, ताईबाई, देवपूरला आल्या. साड्यांचं बघायचं होतं. स्वच्छतेची आणि टापटिपीची बाई. आल्या आल्या त्यांनी आमच्या देवघरातल्या समईची वात नीट केली. साड्या झाल्या, चहा झाला. मला राहवेना, मी अंतरपाट आणून त्यांच्यासमोर पसरला. पुना आबाही रुसवा संपवून बरोबर चहाच्या वेळेला आले होते.

"छान शे," ताईबाई म्हणाल्या. आणि मग त्यांना ती टाचणी दिसली. लग्नाच्या कापडात टाचणी. त्यांनी ती अलगद काढून बाजूला ठेवली. टाचणी काढल्यावर लोंबणारा दोरा दिसला. लोंबणारा दोरा बघून कुठलीही संसारी बाई जे करेल तेच त्यांनी केलं. धरला आणि ओढला.

साखळी उसवताना आवाज होतो हे मला त्या दिवशी कळलं. बारीक, सुरसुर असा. 'ल' गेला, 'टी' गेली, 'पा' गेला. ताईबाईंना वाटलं, दोरा आत्ता तुटेल, म्हणून त्या ओढतच राहिल्या. एकाच्या शेपटातून दुसरं निघालेलं असल्यामुळे कुणीच कुणाला थांबवलं नाही. 'आर' गेला. शेवटी 'यू'चा फरारा एक गिरकी घेऊन निघाला आणि ताईबाईंच्या मांडीवर लाल दोऱ्याचा ढीग पडला. कापडावर राहिलं ते 'देवपूर, धुळे येथील यांची कन्या चि. सौ. कां. कमल'.

मग पुना आबांनी, माहिती असावी म्हणून, सांगितलं, "लगीनना आधी पोरना बापनं नाव विहीणना हातखाल उसवनं. हाई काय बरं नही भो."

ताईबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तो दोरा खाली ठेवावा की हातात धरावा हेही त्यांना सुचेना. "घर जाईसन वकीलसाहेबले सांगनं पडी," त्या हळूच म्हणाल्या. "गुरुजीले इचारनं पडी." आतल्या दारात कमल उभी होती. तिनं चौकट धरली होती. माझं नाव, माझी बढती, माझा फरारा, सगळं मी क्षणात विसरलो. पोरीचं लग्न माझ्या एका टाचणीला लटकलं होतं आणि टाचणी निघाली होती.

तेव्हा भागाबाई पुढे आली. तिनं ताईबाईंच्या मांडीवरचा दोरा उचलला आणि बोटांवर शांतपणे गुंडाळायला लागली.

"अक्का, तुम्ही कोन्हं नाव उसवं?" तिनं विचारलं. "हाई यू. आर. कोन शे? ते त कचेरीनं नाव. मना मानूसनं नाव हाई नहीच. ज्यानं नावच व्हतं नही, त्यानं काय उसवाव?"

एवढी नोंद पुना आबांकडूनसुद्धा राहून गेली होती.

"मंग खरं नाव काय शे?" ताईबाईंनी विचारलं. लग्नपत्रिकेवरही मी यू. आर.च छापलं होतं.

भागाबाई त्यांच्या कानाशी वाकली आणि काहीतरी बोलली. ताईबाईंनी माझ्याकडे बघितलं. इतका वेळ त्या माझ्याकडे कारकून म्हणून बघत होत्या. आता एखाद्या पोराकडे बघावं तसं बघितलं. "मन्हा मोठा पोऱ्या बी तसाच जगना," त्या म्हणाल्या. "त्याले आम्ही सुपमा घालीसन घरोघर फिराडं. मंग तेच नाव टाका, अक्का. जे नाव ऐकीसन मरन मांगे फिरनं, त्यान्हापेक्षा शुभ काय ऱ्हास."

लग्न वाचलं. मी मात्र बुडालो. मांडवात सगळी कचेरी येणार होती. विहीणबाई गेल्यावर मी भागाबाईला विनवलं, नाव नकोच, नुसतं 'श्री' घाल, कमळ घाल, तुझा तो टोचणारा पोपट घाल. तिनं कापडाची घडी करून पेटीत टाकली.

"सुई टोचायची नाही म्हणत होतीस ना?" मी शेवटचा उपाय केला.

"टोचस कोठे? बांधी ठेवस," ती म्हणाली.

मग तिच्या अटी सुरू झाल्या. नवऱ्याच्या नावात दोरा मधे तुटलेला तिला चालणार नव्हता. बाळबोधमध्ये तो तुटतो आणि खाजाभाईंची शेपटं तिला नको होती. म्हणून ती पुना आबांकडे गेली आणि मोडी मागितली. आबा इतके खूश झाले की त्यांनी नवा बोरू तासला. तरीही एक अडचण होतीच. मोडीत आधी डावीकडून उजवीकडे रेघ, मग पुन्हा डावीकडे येऊन अक्षरं. तिथं दोरा तुटणारच. भागाबाईनं रेघ उलटी घातली. उजव्या टोकापासून सुरू केली, डाव्या टोकाला आली आणि तिथूनच खाली उतरून अक्षरांना लागली. आबा म्हणाले, असं कुणी लिहीत नाही. ती म्हणाली, मी लिहीत नाही, शिवते. दोरा पुरला पाहिजे म्हणून तिनं इतका लांब घेतला होता की प्रत्येक टाक्याला कमल सुई घेऊन दारापर्यंत जायची आणि परत यायची. मला त्या खोलीत यायला बंदी होती. ओसरीवर बसून मी पोरीच्या येण्याजाण्याचा आवाज ऐकत असे. काही दिवसांनी ती अशीच दारातून जाईल आणि परत यायची नाही, हे तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

"घाबरू नका," भागाबाईनं मला धीर दिला. "मोडी शे. आजकालना पोरेसले वाचता येस नही."

हे मला पटलं आणि मी निर्धास्त झालो. बढतीचे कागद त्याच सुमारास साक्रीहून सही होऊन आले. बढती माझ्या शेजारच्या टेबलाला मिळाली होती. तेही मी जरा निर्धास्तपणेच सोसलं.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला तेव्हा मी कमलच्या मागे उभा होतो. सुलट बाजू जळगावकरांकडे, आमच्याकडे उलट बाजू. साखळी उलट बाजूनं साखळी दिसत नाही, नुसते बारीक टाके एकामागे एक चालत गेलेले दिसतात. नावाच्या दोऱ्याच्या एका टोकाला एक गाठ, दुसऱ्या टोकाला दुसरी, मधे कुठंही काही नाही. दुसरी गाठ, कुणी ओढलं तरी उसवू नये अशी, जरा जास्तच मोठी होती. ती बघून मला हसू आलं. भटजींनी पहिलं मंगलाष्टक संपवलं आणि श्वास घ्यायला थांबले.

त्या शांततेत समोरच्या खुर्चीवरून पुना आबांनी मोठ्यानं वाचलं, "उखर्डू."

आणि कुणी विचारलं नसताना पुढे सांगितलं, "अक्षर मन्हं शे. कोठेच हात उचला नही."

मी चोरून समोरच बसलेल्या आमच्या कचेरीच्या मंडळींकडे बघितलं. तेव्हा मला आठवलं, की आमचं सगळं दप्तर मोडीत आहे आणि ही माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसरं काही वाचतच नाहीत. आबांनी वाचायच्या आधीच ते सगळ्यांनी वाचून ठेवलं होतं. ज्यांना मी उत्तमराव वाटत होतो ते डोळे बारीक करून पुन्हा वाचत होते. मी मान खाली घातली आणि खोकल्याची वाट बघत उभा राहिलो. खोकला आला नाही. समोरून ताईबाईंचा आवाज तेवढा आला, शेजारच्या बाईला त्या सांगत होत्या, "जो पोऱ्या जगना, त्यानं नाव शे ते."

कमलनं मुंडावळ्यांआडून हात वर केला आणि कापडाच्या उलट्या बाजूवरून, त्या टाक्यांवरून, हळूच बोट फिरवलं. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत. मग भटजी शेवटचं सावधान म्हणाले, अंतरपाट बाजूला झाला, ताशे वाजायला लागले आणि माझ्या हातातल्या अक्षता तशाच राहून गेल्या.

पंगती उठल्यावर बायकांनी विहिणींना मधे बसवलं. ताईबाईंनी नाव घेतलं. मग सगळ्यांनी भागाबाईला धरलं. सवयीनं तिनं ओसरीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं; आळीत ही रीत माहीत होती. मी खांबाला टेकून उभा होतो. तिनं पदर सावरला आणि साखळीटाक्याचाच उखाणा म्हटला,

"साखयीले साखयी, दोरा नका तोडू,
कमलना बापनं नाव लेस, उखर्डू."

मी घसा खाकरला. पण या वेळी ते खाकरणं कुणाला थांबवायला नव्हतं, आणि भागाबाईला ते बरोबर कळलं. ती हसली आणि बायकांना म्हणाली, अजून एकदा घेते.